उभी राहिलेली मोटार

दिल्लीच्या आर. के. पुरममधील सरकारी घरांपुढे धुळीने माखलेल्या मोटारी दिसतात. साहेबांची बदली होते, गाडी मागे राहते. त्यांत एखादे वेळी फियाट पॅलिओ ‘एस-टेन’ही निघावी. सचिन तेंडुलकरांच्या नावाची ही आवृत्ती २००२ साली पाचशे गाड्यांपुरतीच निघाली. पॅलिओ आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. अंगाने लहान, पण हिचे इंजिन सोळाशे सी. सी.चे, सुमारे शंभर अश्वशक्तीचे!

अशी गाडी पाहताच बॅटरी जोडून किल्ली फिरविण्याचा मोह होतो. तो आवरावा. टाकीतले जुने पेट्रोल चिकट झालेले असते. ते काढावे, सिलिंडरांत थोडे तेल सोडून इंजिन हाताने फिरवावे. टायमिंगचा पट्टा आधी बदलावा. तो तुटल्यास व्हाल्व्ह वाकण्याचे भय असते. रंग फसवा असतो, म्हणून गालिचा उचलून खालचा पत्रा पाहावा.

यंत्राहून अवघड बाब कागदांची. पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना दिल्लीत बंदी घालणाऱ्या हरित लवादाच्या आदेशावर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केले. २०२५ च्या अखेरीस सवलत उरली ती भारत-चार मानकाच्या व पुढच्या गाड्यांना, ही त्याआधीची. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ‘विंटेज’ म्हणून मान मिळण्यास पन्नास वर्षे पुरी व्हावी लागतात, म्हणजे हिला २०५२ उजाडेल! तेव्हा मिस्त्रीला बोलाविण्यापूर्वी परिवहन कार्यालय गाठावे. दुसऱ्या राज्यात नेण्यास ना-हरकत दाखला मिळाला, तर रंगरंगोटीचा खर्च सार्थ. एरवी हाती येते ती सुट्या भागांचीच किंमत.