लेथसह गावाकडे जाताना

पुण्या-मुंबईचं भाडं परवडेना म्हणून घरातल्या वर्कशॉपसह गावाकडे निघालात, तर घराआधी वीज बघा. शेतीपंपांच्या फीडरवर थ्री-फेज वीज ठरावीक तासच मिळते. तुमच्या लेथला ती दिवसभर मिळेल का, हे महावितरणच्या शाखा कार्यालयात जाऊन विचाराच. विजेनंतर हवाही बघा: कोकणात पावसाळ्याच्या दमट हवेनं अवजारं गंजतात, लाकूड फुगतं. लोखंडाचं काम करणाऱ्यांसाठी मला कोल्हापूरचा परिसर अधिक सोयीचा वाटतो. शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती जवळ, ओतकाम करून देणारे कारखाने हाताशी. आवाजाबद्दल शेजाऱ्यांशी आधीच बोला, आणि ग्रामपंचायतीत चौकशी केल्याशिवाय भाडेकरारावर सही करू नका. दारापर्यंत टेम्पो येतो ना, तेही पाहा.