उतारवय आणि अंगातले बळ



सत्तरी ओलांडलेले आबा खाटेवरून उठताना दोन्ही हात टेकतात. सदऱ्याची गुंडी लावताना बोटे अडखळतात. मग मुले मायेने म्हणतात, "आबा, आता कष्ट पुरे. ओसरीवर स्वस्थ बसा." माया खरी, पण तीच आबांना अधिक दुबळे करते. कशी, ते पाहू.

स्नायू आपल्या मर्जीने हलत नाही, त्याला हुकूम लागतो. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत चेतापेशी असतात. प्रत्येक पेशीचा तंतू स्नायूपर्यंत जातो आणि तिथले काही धागे कामाला लावतो. डोळा फिरवायचा, तर एका पेशीच्या हाताखाली मोजकेच धागे. मांडीत मात्र शेकडो. चेतापेशी म्हणजे मुकादम, धागे म्हणजे मजूर, असे समजा ना! चेतापेशींच्या कार्याचा उलगडा केल्याबद्दल शेरिंग्टन आणि एड्रियन या ब्रिटिश शास्त्रज्ञांना १९३२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

साठीनंतर या मुकादमांची गळती वाढते. पोरके झालेले काही मजूर शेजारचा मुकादम सांभाळतो. उरलेले वाळून जातात. एकाच्या हाताखाली माणसे फार झाली, की नाजूक काम बिघडते. बोटे अडखळतात, त्याचे हे एक कारण.

मेलेली चेतापेशी व्यायामाने परत येत नाही. पण उरलेल्या पेशींना जोरात आणि झटपट हुकूम देण्याची सवय लागते. अमेरिकेत बोस्टन येथे नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. १९९० साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. व्यायाम पुरा करणाऱ्या नऊ जणांच्या पायांचे बळ सरासरीने पावणेतीनपट झाले. मांडीचे स्नायू मात्र सुमारे नऊ टक्केच वाढले. मग एवढे बळ आले कुठून? बरेचसे हुकमातून!

तेव्हा गुरुजी, हे गावात सांगा. आबांनी भिंतीला टेकलेल्या पक्क्या बाकावरून, हात न टेकता, सावकाश उठावे आणि बसावे. आरंभी पाच वेळा, पुढे दहा वेळा. जवळ कोणी उभे असावे. छातीत दुखत असेल, घेरी येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

आणि मुलांनो, आबा पाण्याचा तांब्या घ्यायला उठले, तर धावू नका. त्यांना उठू द्या.