चारोळी आधी घरच्या पाट्यावर
(सानगडी येथील महिला मेळाव्यातील भाषण)



बासुंदीवर, श्रीखंडावर आपण जी चारोळी घालतो ती चाराच्या झाडाची. इथल्या बायांना हे सांगायला नको, पाहुण्यांसाठी सांगते. एप्रिल-मे महिन्यांत फळं काळी पडली की ती गोळा करायची, गर खायचा, बी वाळवायची, जात्यावर बेतानं फोडायची आणि पाखडायची. वाटीभर दाण्यामागं फार वेळ जातो. न फोडलेल्या बीचा सरकारी आधारभाव २०२० मध्ये किलोला १२६ रुपये ठरला. शहरातल्या दुकानात सोललेली चारोळी हजाराच्या पुढं जाते. बीमधून दाणा थोडाच निघतो हे खरं, तरी अंतर मोठंच आहे.

गौण वनोपजावरचा तुमचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यानं मान्य केला आहे. तेव्हा विका, आणि भाव करून विका. माझं म्हणणं एवढंच, की सगळी विकू नका. या दाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं, प्रथिनंही चांगली असतात. लहान लेकराचं पोट मुठीएवढं, ते नुसत्या भातानं आणि पातळ वरणानं लवकर भरतं, पण अंगी लागत नाही. आणि ज्या आईनं चारोळी फोडली तिच्याच घरात ती नसते. उत्पत्तीच्या ४३ व्या अध्यायात याकोब दुष्काळात मिसरात पिस्ते-बदाम भेट पाठवतो, तेही थोडेच. घर रिकामं करून पाठवत नाही.

आता कृती. दोन मुठी चारोळी गरम पाण्यात तासभर भिजवा. हातानं चोळली की साल सुटते. पाट्यावर थोडं थोडं पाणी घालत वाटा, बोटाला कणी लागेनाशी होईपर्यंत थांबू नका. कढईत चमचाभर तेल, बारीक कांदा, आलं-लसूण, हळद. कांदा मऊ झाला की वाटण टाका, दोन वाट्या कोमट पाणी घाला आणि मंद आचेवर हलवत राहा. भडका दिला तर तेल वेगळं होऊन रस्सा फाटतो. साईसारखा दाट झाला की मीठ, वरून सांबार. उकडलेली अंडी, बटाटा, नाहीतर नुसता भात, कशाशीही चालतो.

चारोळी नसेल त्या महिन्यात फल्लीदाणे घ्या. भाजून, फोलपटं काढून असंच वाटायचं. मात्र बुरशी धरलेला, काळा पडलेला, कडू दाणा निवडून फेकाच. भाजल्यानं त्यातलं विष पुरतं जात नाही.

सहा महिन्यांवरच्या बाळाला हेच वाटण, तिखट-मिठाशिवाय, शिजवून पातळ करून, पहिल्यांदा अर्धा चमचा. अंगावर पुरळ, ओठाला सूज किंवा उलटी दिसली तर बंद करा. श्वास लागला तर लगेच दवाखाना. लहान पोरांना अख्खा दाणा देऊ नका, घशात अडकतो. आणि बाळ फारच वाळलेलं असेल, पायाला सूज असेल, तर घरच्या वाटणावर अवलंबून राहू नका. अंगणवाडी ताईंना सांगा, आरोग्य केंद्रात न्या.

शेवटी झाडाबद्दल. घाईनं फळं उतरवायला फांद्या तोडल्या जातात, कच्चीच ओरबाडली जातात. दुसरा कोणी आधी नेईल ही भीती मला कळते. म्हणून तोडणीचा दिवस ग्रामसभेतच ठरवा, म्हणजे कोणालाच घाई राहणार नाही.