आज्ञावली चालण्यापूर्वीचा अंदाज



ग्रंथालयाच्या शताब्दीच्या व्यासपीठावर संगणकशास्त्रातील विषय मांडला जावा, हे काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु या विषयाचा गाभा ग्रंथपालाच्या नित्याच्या कामाशी जुळणारा आहे. नव्याने उघडावयाच्या एखाद्या ग्रंथालयाची कल्पना करावी. हजारो ग्रंथ येऊन पडले आहेत. देवघेवीच्या खिडकीलगत मात्र तीनच फळ्या आहेत आणि बाकीची सारी कपाटे आतल्या दालनात आहेत. पहिला वाचक अजून यावयाचा आहे. देवघेवीच्या नोंदवहीत एकही ओळ नाही. अशा वेळी त्या तीन फळ्यांवर कोणते ग्रंथ मांडावेत? वर्षभराची नोंदवही हाताशी आल्यावर हा निर्णय सोपा होतो. पहिल्या दिवशी मात्र अंदाजावाचून गत्यंतर नसते. तो अंदाज कशाच्या आधारे बांधावा, त्यावर किती विसंबावे आणि तो चुकला तर नेमके काय बिघडते, हे प्रश्न कंपायलर रचणाऱ्यांपुढे १९५४ पासून उभे आहेत.

कंपायलर म्हणजे मनुष्याला समजेल अशा सूत्रमय भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारी दुसरी आज्ञावली. यंत्राला बेरीज-वजाबाकी, तुलना, स्मृतीतील संख्या उचलणे, परत ठेवणे अशा मोजक्याच क्रिया ठाऊक असतात. एकच सूत्र या क्रियांच्या अनेक वेगवेगळ्या मालिकांनी सोडविता येते. उत्तर सर्वांचे एकच. वेळ मात्र निरनिराळा. त्यांतील कोणती मालिका निवडावयाची, हा यंत्राज्ञा घडविण्याच्या कामाचा सर्वांत कठीण भाग होय. या निवडीत रजिस्टरांचे महत्त्व मोठे आहे. रजिस्टर म्हणजे यंत्राच्या गणनविभागाला अगदी लागून असलेली, अत्यंत जलद परंतु संख्येने फार थोडी अशी साठवणीची जागा. खिडकीलगतच्या फळ्या त्या ह्याच.

आयबीएम कंपनीच्या ७०४ या संगणकात आवर्तनांसाठी व कोष्टकांतील स्थाने मोजण्यासाठी अशी इंडेक्स रजिस्टरे तीनच होती. या यंत्रासाठी सूत्रांचे आपोआप रूपांतर करणारी व्यवस्था उभारावी, असा प्रस्ताव जॉन बॅकस यांनी १९५३ च्या अखेरीस मांडला आणि १९५४ मध्ये कामास आरंभ झाला. त्या काळच्या संगणक केंद्रांत आज्ञावली लिहिणाऱ्यांवरील खर्च यंत्राच्या खर्चाइतकाच होत असे. शिवाय यंत्राचा पाव ते निम्मा वेळ चुका शोधण्यात जाई. म्हणजे आज्ञावली लिहिणे व ती निर्दोष करणे यांतच एकूण खर्चाचा तीन चतुर्थांशापर्यंतचा भाग खपत होता. तरीही जाणत्या मंडळींचा यंत्रकृत रूपांतरावर विश्वास नव्हता, आणि त्या अविश्वासाला आधार होता. त्याआधीच्या अशा व्यवस्था यंत्राला पाच ते दहा पट मंद करीत. तेव्हाच्या यंत्रांत दशांशचिन्ह सरकते ठेवणाऱ्या गणिताची सोय अंगभूत नसल्यामुळे ते गणितच मुळात संथ चाले आणि रूपांतरातला गबाळेपणा त्याच्या आड लपून जाई. ७०४ मध्ये ते गणित यंत्रातच आले आणि ही लपण्याची जागा नाहीशी झाली. कंपायलरने घडविलेल्या आज्ञा हाताने लिहिलेल्या आज्ञांच्या निम्म्या वेगाने जरी चालल्या, तरी लोक ही व्यवस्था स्वीकारणार नाहीत, अशी धास्ती बॅकस यांना होती.

या धास्तीपोटी फोरट्रानच्या पहिल्या कंपायलरमध्ये असे काही केले गेले की ज्याचे महत्त्व पुढे कित्येक वर्षांनी लोकांच्या ध्यानी आले. कंपायलरचे सहा विभाग होते. पहिले विभाग सूत्रे व आवर्तने यांचे रूपांतर करताना इंडेक्स रजिस्टरे हवी तेवढी आहेत असे गृहीत धरीत. ती तीनच आहेत, या वास्तवाशी गाठ पुढे चौथ्या आणि पाचव्या विभागांत पडे. चौथा विभाग लोईस हाइब्ट यांनी रचला. वासार महाविद्यालयातून गणिताची पदवी घेऊन १९५५ मध्ये त्या आयबीएममध्ये दाखल झाल्या होत्या आणि मूळ संचातील त्या एकमेव महिला होत्या.

हाइब्ट यांच्या विभागाने आज्ञावलीचे प्रथम लहान लहान गट पाडावयाचे. ज्या आज्ञांत वरूनच प्रवेश होतो, शेवटूनच बाहेर पडता येते आणि मध्ये कोठेही वाट फुटत नाही, त्यांचा एक गट. मग कोणत्या गटातून कोणत्या गटात जाता येते, याचा नकाशा तयार करावयाचा. आता प्रश्न असा, की आज्ञावली प्रत्यक्ष चालेल तेव्हा यांतील कोणता गट किती वेळा गाठला जाईल? आवर्तनांपुरते उत्तर सोपे आहे. शंभर वेळा फिरणाऱ्या आवर्तनाच्या पोटात पन्नास वेळा फिरणारे आवर्तन असेल, तर आतील आज्ञा ५००० वेळा चालेल आणि बाहेरची १०० वेळा. परंतु जेथे एखादी अट येऊन वाट दुभंगते किंवा तिच्या तीन शाखा होतात, तेथे केवळ गुणाकाराने भागत नाही. म्हणून कंपायलर त्या नकाशावर एक लुटुपुटीचा प्रवास करी. प्रत्येक नाक्यावर यादृच्छिक संख्या घेऊन, जणू फासे टाकून, पुढची वाट ठरवावयाची. असा प्रवास पुनःपुन्हा करावयाचा आणि प्रत्येक गटात किती वेळा पाऊल पडले याची गणती ठेवावयाची. संभाव्यतेच्या शास्त्रात हिला माँटे कार्लो पद्धती म्हणतात. आज्ञावली अद्याप एकदाही चाललेली नसे, तिला द्यावयाची आकडेवारी कदाचित गोळाही झालेली नसे. पण तिच्या केवळ रचनेवरून तिच्या भावी चालीचा एक अंदाज कागदावर उतरे. आज ज्याला स्थितिक प्रोफायलिंग म्हणतात, त्याचा हा आरंभीचा आणि अत्यंत स्वच्छ नमुना होय.

या अंदाजाचा उपयोग पाचव्या विभागात होई. मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतून या कामासाठी आलेले शेल्डन बेस्ट यांनी तो रचला. सर्वाधिक वेळा चालणारा भाग त्यांनी आधी हाती घ्यावयाचा, तेथे तीन रजिस्टरांची वाटणी शक्य तितकी उत्तम करावयाची आणि नंतर कमी वेळा चालणाऱ्या भागांकडे वळावयाचे. रजिस्टरातील संख्या स्मृतीत ठेवून पुन्हा उचलून आणण्याचा खटाटोप अटळच असेल, तर तो वर्दळ नसलेल्या वाटेवर ढकलावयाचा. एप्रिल १९५७ मध्ये हा कंपायलर ग्राहकांकडे जाऊ लागला. त्याने घडविलेल्या आज्ञा पाहून खुद्द तो लिहिणारेच चकित होत. एखादी उलथापालथ प्रथमदर्शनी चुकीची वाटे. कसून तपासल्यावर ती बरोबर असल्याचे आढळे.

याच फोरट्रानमध्ये ‘फ्रीक्वेन्सी’ नावाचे एक विधान होते. अमुक अटीपाशी पहिली, दुसरी व तिसरी वाट साधारण कोणत्या प्रमाणात धरली जाईल, हे आज्ञावली लिहिणाऱ्याने त्यात सांगावयाचे. या विधानाची एक मर्यादा मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. त्यातील आकडे संपूर्ण चुकीचे दिले, तरी आज्ञावलीचे उत्तर बदलत नसे. बदले तो केवळ वेग. अंदाजाचा अधिकार काटकसरीपुरता, सत्यासत्यतेच्या निर्णयात त्याला प्रवेश नाही, ही शिस्त तेथे पाळली गेली. तिच्यामुळेच अंदाज करण्याचे धाडस परवडते. चुकीचा ग्रंथ खिडकीलगत ठेवला, तर वाचकाला चार पावले अधिक चालावे लागते. मागितलेल्या ग्रंथाऐवजी दुसराच ग्रंथ त्याच्या हाती पडत नाही.

१९६६ च्या प्रमाणित फोरट्रानमध्ये हे विधान उरले नाही. आज्ञावली लिहिणाऱ्याला स्वतःच्या आज्ञावलीचा स्वभाव ठाऊक असतो, हे गृहीतकही फारसे टिकणारे नव्हते. डोनाल्ड क्नूथ यांनी १९७१ मध्ये प्रत्यक्ष वापरातील फोरट्रान आज्ञावलींची पाहणी प्रसिद्ध केली. सर्वसाधारणपणे आज्ञावलीच्या चार टक्क्यांहूनही कमी भागात तिच्या चालण्याचा निम्म्याहून अधिक वेळ जातो, असे त्यांना आढळले. त्याहून उद्बोधक गोष्ट त्यांच्या मोजणीच्या साधनाची. आज्ञा किती वेळा चालल्या हे मोजणारी आज्ञावली त्यांनी तिच्यावरच चालवून पाहिली, तेव्हा तिचा निम्म्याहून अधिक वेळ अवघ्या दोन आवर्तनांत जात असल्याचे उघड झाले आणि थोडक्या दुरुस्तीने तिचा वेग दुप्पट करता आला. मोजण्याचे साधन घडविणाऱ्यांनाही स्वतःच्या साधनाविषयी मोजल्यावाचून हे कळले नव्हते.

यावरून, मग प्रत्यक्ष मोजणीच का करू नये, असा प्रश्न उभा राहतो. तशी ती केलीही जाते. आज्ञावली एकदा चालवावयाची, नोंदी घ्यावयाच्या आणि त्या नोंदी कंपायलरच्या हाती देऊन तिचे रूपांतर पुन्हा करावयाचे. १९९० मध्ये कार्ल पेटिस आणि रॉबर्ट हॅन्सन यांनी अशा नोंदींच्या आधारे, एकापाठोपाठ चालणारे गट स्मृतीतही शेजारी-शेजारी मांडण्याची पद्धत दाखवून दिली. परंतु मोजणीलाही मोल पडते. आज्ञावली दोनदा घडवावी लागते, चालविताना योग्य नमुना निवडावा लागतो आणि त्या नमुन्यात जे घडले तेच पुढे घडेल असे मानावे लागते. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांनी नेलेल्या गोष्टींच्या पुस्तकांवरून परीक्षेच्या दिवसांतील मागणी ठरविता येत नाही. शिवाय बहुसंख्य आज्ञावली मोजणीवाचूनच घडविल्या जातात.

म्हणून रचनेवरून अंदाज बांधण्याची विद्या मागे पडली नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातील थॉमस बॉल आणि जेम्स लॅरस यांनी १९९३ मध्ये अशा अंदाजाचे काही साधे नियम तपासले. आवर्तनाच्या टोकाशी आलेली वाट बहुधा पुन्हा मागे वळते, कारण माणूस आवर्तन लिहितो ते पुनःपुन्हा फिरण्यासाठी. संख्या ऋण आहे काय, अशी अट असेल तर उत्तर बहुधा ‘नाही’ असते, कारण ऋण संख्या पुष्कळदा चूक दर्शविण्यासाठी वापरली जाते. स्मृतीतील एखाद्या जागेचा पत्ता रिकामा आहे काय, या प्रश्नाचे उत्तरही बहुधा नकारार्थीच. हे नियम यंत्राच्या घडणीतून आलेले नाहीत. आज्ञावली लिहिणाऱ्या माणसांच्या सवयींतून ते आले आहेत. प्रत्यक्ष मोजणीची अचूकता त्यांना गाठता येत नाही, हे बॉल आणि लॅरस यांनी स्वतःच नमूद केले. मात्र उपयोगी पडण्याइतके ते विश्वसनीय ठरले. पुढल्याच वर्षी यूफेंग वू आणि लॅरस यांनी अशा अनेक नियमांची साक्ष एकत्र करून प्रत्येक गटाच्या वारंवारतेचा हिशेब मांडला. फासे टाकून जे १९५७ मध्ये साधले होते, तेच आता समीकरणांनी साधू लागले. आज सर्वत्र वापरात असलेल्या जीसीसी आणि एलएलव्हीएम या कंपायलरांत याच जातीचे नियम काम करीत आहेत.

काही सुधारणांना तर अंदाजाची गरजच भासत नाही. तेच गणित पुन्हा करावे लागू नये म्हणून ते मागच्या वाटेवर हलविण्याची एक पद्धत मोरेल आणि रनव्हाज यांनी १९७९ मध्ये मांडली. कोणत्याही वाटेवर पूर्वीपेक्षा अधिक गणित होऊ द्यावयाचे नाही, हे तिचे पथ्य आहे. कोणती वाट किती वेळा धरली जाते हे ठाऊक नसले, तरी तेथे तोटा संभवत नाही. ही पद्धत अधिक समर्थ व व्यवहारात सुलभ करण्याच्या कामात मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील प्रा. डी. एम. ढमढेरे यांच्या संशोधनाचा वाटा मोठा आहे. त्यांचे या विषयावरील लेखन जगभर अभ्यासिले गेले. जेथे सर्वांचेच भले करता येते, तेथे प्रथम ते करावे आणि जेथे एकाची सोय करताना दुसऱ्याची थोडी गैरसोय अटळ असते, तेथेच अंदाजाला बोलवावे, हा विवेक या दोन पद्धती शेजारी ठेवल्या म्हणजे स्पष्ट होतो.

अखेरीस या अंदाजाची एक उणीवही सांगावयास हवी. कंपायलर वारंवारता ओळखतो; महत्त्व ओळखत नाही. एखाद्या नियंत्रक यंत्रणेत संकटाच्या क्षणी चालणारी आज्ञा वर्षानुवर्षे एकदाही चालत नसेल. पण ज्या दिवशी चालेल त्या दिवशी ती विलंबाने चालून परवडणार नाही. केवळ गणतीच्या हिशेबाने ती दूरच्या कपाटात जाते. म्हणून लिहिणाऱ्याला आपले म्हणणे मांडण्याची मुभा असावी लागते. सी प्लस प्लस या भाषेच्या २०२० च्या प्रमाणित आवृत्तीत, ही वाट संभाव्य अथवा ही असंभाव्य, असे सुचविण्याची सोय अधिकृतपणे देण्यात आली. फोरट्रानमधून गेलेले ते जुने विधान अशा रीतीने वेगळ्या रूपात परत आले आणि त्याची मर्यादाही तीच राहिली: सूचना चुकली तर वेग घटावा, उत्तर बदलू नये.

ग्रंथालयांना ही गोष्ट नवी नाही. ज्या ग्रंथाच्या मागच्या चिठ्ठीवर कित्येक वर्षांत एकही तारीख उमटलेली नाही, तो खिडकीलगत ठेवणे व्यवहार्य नसते. तो आतल्या दालनात जातो. पण त्याची नोंद सूचीत कायम असते आणि एखादा अभ्यासक शोधीत आला, तर तो त्याच्या हाती पडतो. कंपायलरही कमी चालणाऱ्या आज्ञा दूर मांडतो, मात्र त्यांतील एकही गाळण्याचा अधिकार हा अंदाज त्याला देत नाही.