मुलींची पंधराशे मीटर



संगणकावर बोल, असं मला सुचवलं होतं. पण ते काम मी रोजच करते. म्हणून आज मैदानाबद्दल बोलते.

१९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना ॲथलेटिक्समध्ये पहिल्यांदा प्रवेश मिळाला. स्पर्धा पाचच होत्या. त्यांपैकी ८०० मीटरची अंतिम शर्यत जर्मनीच्या लीना राडकेने २ मिनिटे १६.८ सेकंदांत, जागतिक विक्रम करून जिंकली. जपानची हितोमी किनुए दुसरी आली. नऊ जणी धावल्या आणि नऊही जणींनी शर्यत पुरी केली. शेवटी काही जणी दमून आडव्या झाल्या, पुरुषही होतात. पण वर्तमानपत्रांनी लिहिलं की बायका कोसळल्या. काहींनी शर्यत अर्धवट सोडली, असंही छापून आलं.

परिणाम काय झाला? ती शर्यतच काढून टाकली. पुढची ३२ वर्षं ऑलिंपिकमध्ये बायकांना २०० मीटरच्या पुढे धावता आलं नाही. ८०० मीटर परत आली ती १९६० साली, रोमला. पुरुषांची मॅरेथॉन १८९६ पासूनची, बायकांची १९८४ पासूनची.

आमच्या धंद्यात एक अनुभव नेहमीचा आहे. चुकीची नोंद एकदा आत शिरली की पुढचे सगळे निर्णय तिच्यावर उभे राहतात आणि मूळ नोंद तपासायला कोणी जात नाही.

आपल्या वेळचा क्रीडादिन आठवा. मुलींना १०० मीटर, २०० मीटर आणि लिंबू-चमचा. १५०० मीटर मुलांची, आम्ही टाळ्यांना. कोणी मनाई केली नव्हती. तशी पद्धतच होती. सरांना दोष नाही, त्यांच्यापर्यंतही तीच जुनी समजूत आली होती.

माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओत ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता. ऑलिंपिकमध्ये बायकांसाठी ही शर्यत सुरू झाली २००८ साली. म्हणजे शर्यतच नसती, तर ललिता तरी कुठे दिसली असती?

म्हणून एक विनंती. या मेळाव्याच्या शिल्लक रकमेतून शाळेला मुलींच्या १५०० मीटरसाठी फिरता चषक देऊ या. पहिल्या वर्षी तिघीच धावल्या तरी चालेल. आणि एखादी दमून खाली बसली, तर तिला पाणी द्या. शर्यत बंद करू नका.