सहा व्होल्टची येझदी आणि आपलं पार्किंग

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत मधुमेह झाला, आयकर झाला, गच्चीवरची बाग झाली. आज मी जुन्या मोटारसायकलच्या करंटवर बोलणार आहे. विषय ऐकून काही जणांनी चहाची वेळ विचारली, हे मला कळलेलं आहे. चहा भाषणानंतरच आहे.

विषय निवडायला कारण आहे. गेल्या सर्वसाधारण सभेत पार्किंगमधल्या बंद गाड्या हटवण्याचा ठराव आला आणि पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. आपल्या पार्किंगच्या मागच्या भिंतीला एक राजदूत आहे, दोन चेतक आहेत, एक एम-८० आहे आणि निळ्या ताडपत्रीखाली माझी येझदी आहे. ज्यांना दुसरी कार लावायला जागा हवी त्यांची अडचण खरी आहे. पण भंगारवाल्याला फोन करण्याआधी एवढं तर बघू, की गाडी मेली आहे की नुसता तिचा करंट गेला आहे. माझ्या तीस-बत्तीस वर्षांच्या आयटीआयच्या शिकवण्यात एक गोष्ट पक्की झाली. "बंद" म्हणून आलेल्या गाड्यांतल्या बऱ्याच गाड्यांचं इंजिन धडधाकट असतं, आजार वायरीत असतो.

आधी गाडीची ओळख करून देतो. चेकोस्लोव्हाकियात १९२९ साली यानेचेक नावाच्या उद्योजकाने वांडरर कंपनीचा परवाना घेऊन मोटारसायकल काढली आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून 'जावा' हे नाव ठेवलं. आपल्याकडे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून ती तयार होऊ लागली. १९७३ नंतर तीच गाडी 'येझदी' नावाने आली. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २५० सीसी, टू-स्ट्रोक, एक सिलिंडर पण सायलेन्सर दोन. किक आणि गिअर एकाच दांडीत. नवख्या माणसाला गाडी सुरू करून दाखव म्हटलं की अर्धा तास करमणूक व्हायची.

आमची येझदी १९७६ ची. वडील लातूरकडे गुरांचे डॉक्टर होते. तेव्हा लातूर जिल्हा झालेला नव्हता, तो १९८२ मध्ये झाला. म्हणून आरसी बुकावर शिक्का उस्मानाबादचा आहे. या गाडीवर वडील औसा, निलंगा, किल्लारी या बाजूची गावं फिरले. गाय अडली की माणूस रात्री दोनलाही दाराशी यायचा, आणि त्या काळी रस्त्यावर उजेड एकच असायचा, गाडीचा. तो कसा होता हे वडिलांच्याच शब्दांत सांगतो: "समोर काय आहे ते दिसत नाही, पण आपण आलोय हे समोरच्याला कळतं."

आता हा उजेड इतका मिणमिणता का, ते बघू. या गाडीत ६ व्होल्टचा डीसी डायनामो असतो, ४५ वॅटचा. गाडी चांगल्या वेगात असेल तेव्हा ४५, मंद चालली की त्याहून कितीतरी कमी. आता खर्च मांडा. माझ्या गाडीत हेडलाइटचा बल्ब ३५ वॅटचा, मागचा दिवा ५ वॅटचा, इग्निशन कॉइल सरासरी १० वॅटच्या आसपास खाते. झाले ५०. ब्रेकचा दिवा आणि हॉर्न वेगळेच. म्हणजे पगार ४५ आणि खर्च ५०. उरलेलं बॅटरीतून, म्हणजे उसनवारीवर. दिवसा फेडायचं, रात्री पुन्हा काढायचं. गावातून हळू जाताना लाल दिवा लागतो, तो सांगत असतो की आता कमाई शून्य आहे.

दुसरी अडचण ६ व्होल्टचीच आहे. ३५ वॅटचा बल्ब ६ व्होल्टवर जवळजवळ ६ अँपिअर करंट घेतो. १२ व्होल्टवर तोच बल्ब ३ अँपिअरच्या आत भागवतो. जुन्या वायरीत, गंजलेल्या जोडात, सैल स्विचमध्ये मिळून समजा एक दशांश ओहमचा अडथळा आहे. ६ व्होल्टच्या गाडीत तिथे अर्ध्या व्होल्टहून जास्त गळती होते, म्हणजे दहा टक्के. १२ व्होल्टच्या गाडीत पाव व्होल्टच्या थोडी वर, म्हणजे अडीच टक्के. आणि साध्या बल्बचा स्वभाव असा, की व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड दहा टक्के घटत नाही, साधारण तीस टक्के घटतो. म्हणून मेकॅनिककडे तक्रार नेली की तो बघूनच म्हणतो, "सर, लाईट पिवळी पडायली."

तिसरी गोष्ट पॉइंटची. क्रँकच्या टोकाला एक छोटा कॅम फिरतो, तो पॉइंट उघडतो. पॉइंट उघडला की कॉइलमधलं चुंबकत्व एका क्षणात कोसळतं आणि प्लगला हजारो व्होल्टची ठिणगी मिळते. कंडेन्सर पॉइंटला जळण्यापासून वाचवतो. या पॉइंटची फट साधारण ०.४ मिलिमीटर ठेवायची. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतो आणि टाइमिंग मागे जातं. मग गाडी तापते, ओढत नाही, पेट्रोल जास्त पिते. जुने लोक पॉइंटमध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरून टाइमिंग लावायचे. कागद सुटला तो क्षण ठिणगीचा. सिगारेट न ओढणारे माझे वडील त्यासाठी पानटपरीवरून रिकामी पाकिटं मागून आणायचे.

१९८४-८५ नंतर आपल्याकडे जपानी तंत्राच्या १०० सीसी गाड्या आल्या. हिरो होंडा सीडी-१००, यामाहाची आरएक्स-१००. त्यांनी पॉइंट काढून टाकला आणि सीडीआय आणला. सीडीआय म्हणजे काय, तर एक कपॅसिटर दोन-तीनशे व्होल्टपर्यंत भरून घ्यायचा आणि इशारा मिळाला की तो एका झटक्यात कॉइलमध्ये रिकामा करायचा. इशारा देणाऱ्याला पिकअप म्हणतात; तो कशालाही घासत नाही, म्हणून झिजत नाही. तेच तंत्र आता जुन्या जावा-येझदीलाही बसवता येतं. चेक बनावटीचे 'वेप'चे तयार संच मिळतात. त्यात जुन्या डायनामोच्या जागी लोहचुंबकाचा रोटर, तारांच्या गुंडाळ्यांचा स्टेटर, रेग्युलेटर आणि नवी कॉइल असते. १०० वॅटच्या वर वीज, तीही १२ व्होल्टची. ठिणगीसाठी वेगळी गुंडाळी असल्याने बॅटरी बसली तरी गाडी किकवर सुरू होते.

मग प्रश्न काय उरला? प्रश्न आमच्या घरातच सुरू झाला. मुलगा लातूरला नोकरीला आहे. त्याला ही गाडी हवी आहे, आणि तो नांदेड-लोहा-अहमदपूर-चाकूर-लातूर या रस्त्याने शनिवारी रात्री येणार. हिची आई म्हणते, त्या उजेडात पोराला पाठवायचं नाही. भाऊ म्हणतो, बाबांच्या गाडीतला एक नट बदललास तर बघ. आणि शेजारी म्हणतात, जागा कधी रिकामी करता? तिघांचंही बरोबर आहे, हीच पंचाईत.

मी ठरवलं, आधी मोजायचं. वीस वर्षं वायरमनच्या पोरांना हेच सांगितलं, की मीटर लावल्याशिवाय पाना उचलायचा नाही. बॅटरीवर ६.२ व्होल्ट भरले. हेडलाइटच्या होल्डरवर ५.३. म्हणजे जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच गायब. लातूरच्या गंजगोलाईत जसे चहूबाजूंचे रस्ते येऊन मिळतात तशा या गाडीच्या सगळ्या वायरी हेडलाइटच्या डब्यात मिळतात. डबा उघडला. चिकटपट्टीचे अकरा जोड निघाले. ते सगळे कापून नीट डाग दिले, टोकं पॉलिश पेपरने घासली, आणि हेडलाइटपासून चेसिसपर्यंत अर्थिंगची एक वेगळी वायर ओढली. फ्यूज नव्हताच, तो टाकला. खर्च दोनशे रुपयांच्या आत. होल्डरवर ५.९ व्होल्ट मिळाले. निम्मं दुखणं तिथेच गेलं. म्हणून सांगतो, किट मागवण्याआधी हे करा. गळकी टाकी तशीच ठेवून मोठी मोटर बसवण्यात अर्थ नाही.

यापुढे तीन वाटा आहेत. पहिली वाट, सगळं मूळचंच ठेवायचं. डायनामोचे कार्बन ब्रश बदलायचे, कम्युटेटर साफ करायचा, गरज पडली तर वायंडिंग बांधून घ्यायचं. रविवारी सकाळी फेरी मारणाऱ्याला एवढं पुरतं. दुसरी वाट, डायनामो तोच, पण जुना कटआउट काढून त्याच्याच डब्यात इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवायचा. बाहेरून काही कळत नाही, बॅटरी मात्र जगते. तिसरी वाट पूर्ण १२ व्होल्टची.

तिसऱ्या वाटेने जाणाऱ्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्या. बॅटरी, सगळे बल्ब, हॉर्न आणि इंडिकेटरचा फ्लॅशर हे सगळं १२ व्होल्टचं घ्यावं लागतं. एक जरी ६ चा राहिला तरी तो जळतो. जुना रोटर क्रँकच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला असतो, तो पुलरनेच काढायचा. हातोडी मारली तर क्रँक वाकते. बॅटरीचा कुठला ध्रुव चेसिसला जोडायचा ते किटच्या कागदावर बघूनच जोडायचं; उलटं झालं तर रेग्युलेटर क्षणात जातो. आणि टाइमिंग नीट लावायचं. "अंदाजाने लावतो सर" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवायचं.

आता दुसरी बाजूही सांगतो. पॉइंट आजारी पडतो, सीडीआय एकदम मरतो. पॉइंट बिघडला तर माळाकोळीच्या फाट्यावरसुद्धा नखं घासायच्या कानशीने तो साफ करून घरी येता येतं. सीडीआयचा डबा गेला की गाडी टेम्पोतच घालावी लागते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पारा ४२ च्या वर असताना, तो डबा इंजिनच्या उष्णतेपासून दूर, हवा लागेल अशा ठिकाणी बसवावा.

आणि कायदा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात राखलेली, चेसिस, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा बदल न केलेली दुचाकी किंवा कार त्यात येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षांची. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. म्हणजे रोज चालवायची की वारसा म्हणून जपायची, हे मालकाने आधी ठरवायला हवं. आमच्या येझदीला २०२६ मध्ये ५० पूर्ण होतात. ज्यांना त्या वाटेने जायचंय त्यांनी कुठलाही बदल करण्याआधी आरटीओत लेखी विचारावं. आणि साध्या नोंदणीवर राहणाऱ्यांनी १५ वर्षांनंतरचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करायला विसरू नये.

आम्ही काय केलं? पोरगं रात्री रस्त्यावर असणार, हे एकदा नक्की झाल्यावर बाकीचे मुद्दे मागे पडले. १२ व्होल्टचं किट बसवलं. पण अट घातली: एकही नवं भोक पाडायचं नाही, एकही मूळ भाग कापायचा नाही. बोल्टने बसेल तेवढंच बसवायचं. डायनामो, पॉइंटची प्लेट, कटआउट, जुनी कॉइल, सगळं तेल लावून एका लोखंडी पेटीत ठेवलं आहे. वायरींचा नकाशा हाताने काढून झाकणाच्या आत चिकटवलाय. उद्या नातवाला मूळची गाडी हवी झाली तर दोन दिवसांत परत करता येईल. हे ऐकल्यावर भाऊ गप्प झाला. पेटी मात्र त्याने स्वतःच्या घरी नेऊन ठेवली.

मंडळी, आपली सोसायटी २५ वर्षांची झाली. जिन्यातल्या वायरी, मीटरची खोली, पाण्याची मोटर, सगळंच त्या वयाचं आहे. तिथेही हाच हिशेब लागू पडतो. भार किती, वायर किती झेपवते, अर्थिंग धड आहे का, हे आधी मोजा आणि मगच नवीन काय बसवायचं ते ठरवा.

ठरावाबद्दल माझी सूचना अशी आहे. प्रत्येक बंद गाडीला सहा महिने द्यावेत. तेवढ्यात ती स्वतःच्या चाकांवर गेटबाहेर गेली आणि परत आली तर तिची जागा तिची. नाही आली, तर मालकाने ती विकावी किंवा अधिकृत केंद्रात मोडीत काढून नोंदणी रद्द करून घ्यावी. माझ्या गाडीलाही हाच नियम. ताडपत्रीखाली ठेवून रोज नमस्कार करणं म्हणजे गाडी जपणं नव्हे.

येत्या रविवारपासून सकाळी आठ ते दहा मी मल्टीमीटर घेऊन मागच्या भिंतीपाशी बसणार आहे. राजदूतवाले, चेतकवाले, सगळ्यांनी या. फी नाही. चहा ज्याची गाडी त्याचा. आणि मागच्या खुर्चीवरच्या पोरांनो, तुम्ही जरूर या; पॉइंटची फट कशी बघतात हे दाखवणारी माणसं आता फार उरलेली नाहीत.

चहा तयार आहे असं सचिव खुणावतायत.