देवाचा धीर आणि माणसाची दिरंगाई



आमच्या ख्रिस्ती घरांत कोणावर अन्याय झाला की वडीलधारी मंडळी म्हणतात, “धीर धरा, देव न्याय करील.” हे खरेच आहे. पण ते कोण कोणाला सांगतो, ते पाहिले पाहिजे.

प्रभू येशूचा निदणाचा दाखला बालाघाटच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. धानाच्या बांधीत करगा उगवतो. लोंबी येईपर्यंत तो धानासारखाच दिसतो. घाईने उपटू गेले तर चांगले रोप हाती येते. म्हणून दाखल्यातला धनी कापणीपर्यंत थांबतो, पण कापणी रद्द करीत नाही. अंजिराच्या दाखल्यात माळी झाडासाठी आणखी एक वर्ष मागतो आणि त्या वर्षात भोवती खणून खत घालण्याचे कबूल करतो. म्हणजे मिळालेली मुदत कामासाठी आहे.

ही मुदत कोणाला? ज्याचे चुकले त्याला, त्याने पश्चात्ताप करावा म्हणून. ज्याचे हिरावले गेले त्याने गप्प बसावे म्हणून नव्हे. ज्या शास्त्रात देव मंदक्रोध आहे, त्याच शास्त्रात गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी अशी आज्ञा आहे. देव वर्षानुवर्षे थांबतो. मला मात्र मजुरी एक रात्रही अडवता येत नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळकांना नवा करार मिळाला तो आपल्याजवळच्या राजनांदगावला जाताना, आगगाडीत. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याची झळ लक्ष्मीबाईंना लागली. लहानग्या दत्तूला घेऊन त्या काही वर्षे नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पुन्हा संसार जुळल्यावर टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. जातिभेद देवाने केलेला नाही, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचाराने पटले, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथे टिळकांचा धीर दिसतो. पण ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाईंनी टिळकांचे प्रेम लिहिले, तसा त्यांचा संतापीपणाही लिहिला. क्षमा केली, पण झालेले झाकले नाही. सोसणाऱ्याला खरे बोलू देणे हाही न्यायच आहे.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात माणसे अन्नावाचून मरत होती. रमाबाई प्रार्थना करणाऱ्या होत्या, पण “देव पाहून घेईल” म्हणून त्या बसून राहिल्या नाहीत. त्या या प्रांतात आल्या आणि उपाशी मुलींना व बालविधवांना आपल्या आश्रयाला घेऊन गेल्या. केडगावचे काम त्यातून वाढले.

तेव्हा बहिणीचा वाटा अडला असेल, सुनेला टोचून बोललो असू, घरी काम करणाऱ्या बाईचा पगार राहिला असेल, तर तिला धीराचा उपदेश करू नये. देव धीर धरून आहे तो आपल्यासाठी. ते देणे फेडावे, मग प्रार्थनेला बसावे. आणि आपलेच कोणी हिरावले असेल तर न्याय जरूर मागावा. फक्त त्या माणसालाही सुधारायला एक हंगाम मिळो, एवढे मनात ठेवावे. हे दुसरे मला अजून नीट जमलेले नाही, हेही सांगून टाकतो.